घडी न सोसणारा अंगरखा

टक्.

खोली अगदी गप्प होती. मोठं यंत्र बंद, पडदा काळा, निम्मे दिवे मालवलेले. तेवढ्यात काचेपलीकडे स्टीलच्या डब्याची कडी उघडली आणि मी ओळखलं, सुष्मा सिस्टर जेवायला बसल्या. त्यांच्या डब्याची एक कडी सैल आहे. ती लगेच उघडते, दुसरीला मात्र जरा रेटावं लागतं. मधे कितीतरी महिने हा आवाज ऐकूच येत नव्हता. डबा सकाळी यायचा आणि तसाच बंद परत जायचा. आज त्या डबा उघडून जेवताहेत, लिंबाच्या चित्रान्नाचा, त्या पिवळ्या फोडणीच्या भाताचा, वास इथवर आलाय, आणि मला वाटतंय, आता आपली गोष्ट सांगायला हरकत नाही.

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा अंगरखा आहे. म्हैसूरच्या एका दवाखान्यात, क्ष-किरणांच्या खोलीबाहेरच्या खुंटीवर माझं घर आहे. इथले डॉक्टर मला 'लेड एप्रन' म्हणतात. अंगरखा म्हणतात ते फक्त सुष्मा सिस्टर, आणि मला तेच नाव आवडतं.

बाहेरून मी निळ्या कापडाचा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब. पण माझ्या पोटात कापूस नाही की अस्तर नाही. रबरासारखा एक जाड पत्रा आहे आणि त्यात शिसं मिसळलेलं आहे. उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला घडवलं, तिथल्या बायकांनी माझ्या कडा शिवल्या, आणि लाकडी खोक्यात आडवा निजवून मला इकडे पाठवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, घडी घालू नये. माझ्या जातीचा हा एकच नखरा. आम्हांला टांगून ठेवावं, नाहीतर सपाट निजवावं. घडी घातली की आतलं शिसं चिरतं, आणि बाहेरच्या कापडावर त्याची खूणसुद्धा दिसत नाही.

क्ष-किरण तुम्हांला ठाऊक असतील. हात मोडला की फोटो काढतात ते. एकदाच फोटो काढला तर त्याचं काही वाटत नाही. पण जी माणसं रोज, तास न् तास त्या किरणांजवळ उभी राहतात, त्यांना कोणीतरी आडोसा द्यावा लागतो. तो आडोसा म्हणजे मी. मी जड आहे. धाकट्या भावंडाला दिवसभर कडेवर घेऊन उभं राहिलात तर खांदे कसे भरून येतात? मला घालणाऱ्यांचे खांदे तसे भरून येतात.

आमच्या खोलीत मोठी चिरफाड होत नाही. डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून शेवईसारखी एक नळी रक्तवाहिनीत सरकवतात आणि पडद्यावर बघत बघत तिला नेमक्या जागी नेतात. बायकांच्या पोटात, बाळ वाढतं त्या गर्भाशयात, कधीकधी गाठी होतात. त्या बहुतेक साध्याच असतात, पण फार छळतात. अशा गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिनीत डॉक्टर त्या नळीतून बारीक रव्यासारखे कण सोडतात. शेतात पाट बांधून टाकला की वाफ्याला पाणी मिळत नाही, तसं गाठीला रक्त मिळेनासं होतं, आणि ती महिनोन् महिने हळूहळू आक्रसत जाते. बाई टेबलावर जागी असते, बोलत असते. पोटावर टाका पडत नाही.

हे काम इथं डॉक्टर कांचन करतात. त्या नाशिकच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आल्या. सुष्मा सिस्टर मात्र पिढ्यान् पिढ्या इथल्या. त्यांच्या घराण्यातले मराठे सरदारांबरोबर म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. अग्रहारातल्या त्यांच्या घरी त्या काळची एक तलवार अजूनही आहे. दोघी एकमेकींशी मराठीत बोलतात, पण ती मराठी एक नव्हे.

"मॅडम, पेशंट कधीची बसून घेऊन आहे," सुष्मा सिस्टर म्हणायच्या.

"काय घेऊन बसलीये?" डॉक्टर कांचन विचारायच्या, मग दोघी हसायच्या.

सुष्मा सिस्टरांनी पहिल्याच दिवसापासून मला आपला म्हणून निवडलं. खोलीत पाऊल टाकण्याआधी त्या मला अंगावर चढवत, कमरेचा पट्टा आवळत, आणि टेबलावरच्या घाबरलेल्या माणसाच्या कानाशी वाकून एक वाक्य म्हणत. कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत. "दुखलं की लगेच सांगायचं हं. लपवून ठेवायचं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या शिवणीत बसलंय.

चांगले दिवस होते ते. एकदा बाळंतपणानंतर रक्त थांबेना अशी एक कोवळी आई आमच्याकडे आणली होती. बाहेर तिच्या बाळाचं रडणं, आत डॉक्टर कांचन पडद्यावरची नजर न हलवता नळी सरकवताहेत, आणि सुष्मा सिस्टरांचं काळीज माझ्यावर आतून धडधडतंय. रक्त थांबलं. ती आई आपल्या पायांनी घरी गेली. दुसऱ्या वेळी बैलकुप्प्याच्या तिबेटी वस्तीतून एक म्हातारे भिक्षू आले होते. त्यांना लघवीचा त्रास होता, पुरुषांना उतारवयात होतो तसा. त्यांच्यावरही नळीनंच उपचार झाला. परत भेटायला आले तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. डॉक्टर गेल्यावर सुष्मा सिस्टरांनी तो पट्टा घटकाभर माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, "तूपण उभा होतास की रे." एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या पोटाशी राहणाऱ्याला काही गोष्टी न सांगता कळतात. हळूहळू मला कळायला लागलं की सुष्मा सिस्टरांचं काहीतरी बिनसलंय. पट्टा बांधताना त्यांचा हात पोटावर थांबायचा. काम चालू असताना त्या टेबलाच्या कडेला अलगद टेकायच्या. जिना चढून आल्या की बोलण्याआधी त्यांना थांबावं लागायचं. ओठ फिके पडले होते.

मुली मोठ्या झाल्या की दर महिन्याला काही दिवस त्यांना रक्त जातं. ते अगदी साधं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सुष्मा सिस्टरांना ते फार जायचं. थांबायचं म्हणून नाव नाही. महिन्यातले निम्मे दिवस त्या गडद रंगाचा स्वेटर कमरेला बांधून फिरत. रघुअण्णा एकदा म्हणाले, "काय सिस्टर, म्हैसुरात बर्फ पडायला लागला काय?" रघुअण्णा आमच्याकडचे जुने अटेंडर, येलवालहून बसनं येतात, केस पिकलेले. ते मस्करी करत होते. सिस्टर हसल्या. पट्ट्याखाली त्यांचं पोट मात्र हसलं नाही.

खरं काय ते मला गेल्या वर्षीच्या आयुधपूजेला कळलं.

आमच्या म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठलंही अवजार कामाला लावत नाहीत, त्याची पूजा करतात. स्कूटर, शिलाईयंत्र, कात्री, आणि दवाखान्यातलं मोठं यंत्रसुद्धा. फारच तातडीचं असलं तरच त्याला उठवायचं. सुष्मा सिस्टरांच्या घरी आधी तलवारीची पूजा होते, मग त्या इकडे येतात. त्या वर्षी त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई भवानीबाई आणि लेक भव्याही आल्या होत्या. रघुअण्णांनी दारादारांवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. आमच्या खुंट्यांच्या वर एक पाटी आहे, त्यावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय, घडी घालू नये. नेमकी तीच पाटी माळेखाली झाकली गेली.

सगळे कोहळा फोडायच्या तयारीत बाहेर होते. माझ्याजवळ सुष्मा सिस्टर आणि भवानीबाई, दोघीच होत्या.

"असं किती दिवस ओढत बसतीस गं?" भवानीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "गाठ हाय म्हणून फोटोत आलंय. ती बायकांची डॉक्टरीण पिशवीच काढून टाका म्हणतीय. माझं काढलं तेव्हा मी तुझ्याहून लहान होते."

"अत्ते, इथं नको."

"मग कुठं? घरात तू बोलू देत नाहीस, इथं नको म्हणतीस. एक लेक झाली. काम झालं की त्याचं."

"काम झालं म्हणून काय झालं?" सुष्मा सिस्टर म्हणाल्या. "माझं आहे ते."

भवानीबाई माळेकडे वळल्या. मग माळेतलं एक फूल नीट करत म्हणाल्या, "मला तर कोणी विचारलंपण नव्हतं." मग सुनेकडे वळल्या. "बरं, काढू नको. मग तुझ्या या मॅडमला तरी दाखव. जगाच्या गाठी बघतीय ती."

"त्यांना कसं दाखवू? उद्या मी त्याच टेबलावर पडायचं, आणि परवा त्यांच्या शेजारी बसून डबा खायचा? रघुअण्णा माझी ट्रॉली ढकलणार. नको अत्ते. दुसऱ्याला सांगायला तोंड उघडतं माझं, स्वतःचं सांगायला नाही उघडत."

बाहेरून हाक आली आणि सिस्टर गेल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर! रोज दुसऱ्यांना दिलासा देणारी माझी बाई आतून रिती होत चालली होती, आणि ते तिच्या शेजारच्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

भवानीबाई एकट्याच उरल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एका खांद्यावर कलंडून टांगलेला होतो. त्यांना वाटलं असणार, सुनेचा रोजचा पोशाख, सणाच्या दिवशी असा गबाळ्यासारखा का लोंबतोय? त्यांनी मला खुंटीवरून उतरवलं. "अय्यो, केवढं हे ओझं," एवढंच पुटपुटल्या. मग आपल्या म्हैसूर सिल्कची घालतात तशी माझी घडी घातली. काठाला काठ लावून, तळव्यानं दाबून, आधी दोन पदरी, मग चौपदरी. इतक्या मायेनं मला कोणी हात लावला नव्हता. मला खालच्या फळीवर ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, मोगऱ्याच्या गजऱ्याचा तुकडा ठेवला. नंतर कोणीतरी पूजेची भांडी भरलेली परात आणून माझ्यावरच टेकवली.

माझ्या आत काहीतरी चरचरलं. अगदी बारीक.

सण आटोपल्यावर रघुअण्णांनी मला फळीवर बघितलं आणि डोक्याला हात लावला. "अय्यो, ह्याची घडी कोणी घातली?" त्यांनी लगबगीनं मला टांगलं, सुरकुत्या चोळल्या. सुष्मा सिस्टरांनी गजऱ्याचा सुकलेला तुकडा उचलला. गजऱ्याच्या दोऱ्याला मारलेली आपल्या सासूबाईंच्या हातची गाठ त्या ओळखत होत्या. कोणाचंही नाव न घेता त्यांनी तो खिशात टाकला. त्याच दिवशी त्यांनी मला टेबलावर घालून बघायला हवं होतं, पण दारात पेशंट थांबले होते. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. त्यांनी मला अंगावर चढवलं आणि काम सुरू झालं.

आमच्याकडे वर्षातून एकदा एक काम होतं. सगळ्या अंगरख्यांना एकेक करून त्याच टेबलावर निजवतात आणि आमचीच तपासणी करतात, किरण सोडून, पडद्यावर. संक्रांत झाल्यावर तो दिवस आला. आधी दोन भाऊबंद गेले, चांगले निघाले. मग माझी पाळी आली.

पडद्यावर मी काळाभोर दिसत होतो. आणि त्या काळ्यावर, पोटाच्या खालच्या बाजूला, आडवी एक उजळ रेघ होती. तिच्या मधोमध दुसरी उभी.

"अरेरे," डॉक्टर कांचन म्हणाल्या. "चिरला हा."

रघुअण्णा काचेआडून बाहेर आले आणि माझ्यावरून हात फिरवून म्हणाले, "बाहेरून बघा मॅडम. कसा नव्यासारखा आहे."

"बाहेरून कळत नाही, रघु. म्हणून तर बघतो आपण. हा कोण घालतं?"

"मीच," सुष्मा सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी आधी त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्याची नोंद मागवली. अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यात उतरतं. काळजीचं काही नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. पण सुष्मा सिस्टर पडद्याकडेच बघत होत्या, त्या रेघेकडे. त्यांचा हात स्वेटरच्या गाठीवर गेला. नेमकी तीच जागा. मग त्या स्टुलावर बसल्या, बसल्या म्हणजे कोसळायच्या आधी बसल्या, आणि म्हणाल्या, "मॅडम, माझंपण एकदा बघता काय?"

डॉक्टर कांचन त्यांच्यासमोर वाकल्या, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. आतून पांढरीफटक.

"किती दिवस चाललंय हे, सुष्मा?"

सिस्टरांनी सांगितलं. रघुअण्णा न सांगता बाहेर गेले आणि दार लावून दाराशी उभे राहिले. सांगून झाल्यावर सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला चीर गेली, म्हणून तर नाही ना मॅडम?"

हा प्रश्न मलाही कुरतडत होता, मित्रांनो. ज्याला आडोसा म्हणून उभं केलं, तोच फुटका निघाला तर?

"नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "तुझी गाठ त्या चिरेच्या कितीतरी आधीची आहे. शेतात राबणाऱ्या बायकांना होते, घरात बसणाऱ्यांना होते, मलाही होऊ शकते. का होते ते अजून नीट कोणालाच ठाऊक नाही. या बिचाऱ्याचा काही दोष नाही."

बिचारा म्हणाल्या मला. शिशाला रडता येत नाही, एवढंच.

पुढचं सगळं सावकाश झालं. आधी रक्त वाढवायला हवं होतं. गाठीचा मोठा फोटो काढला, बायकांच्या डॉक्टरांचं मत घेतलं. भवानीबाईही भेटायला आल्या, आणि आमच्या खोलीच्या दारातच त्यांनी डॉक्टरांना अडवलं.

"काढायचं नाही, कापायचं नाही, मग करता काय तुम्ही?"

डॉक्टरांनी त्यांना पाटाचं आणि वाफ्याचं सांगितलं. भवानीबाईंचं माहेर हुणसूरकडचं, शेतातलं. त्यांना लगेच कळलं.

"सगळ्यांनाच हे चालतं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कोणाची गाठ वेगळ्या जागी असते, कोणाला काढणंच बरं असतं. सुष्माला चालेल. पण पुढं मूल राहील की नाही, याची खात्री मी देणार नाही."

"भव्या आहे. पुरे," सुष्मा सिस्टर म्हणाल्या.

"आणि माझ्या वेळी? हे होतं?" भवानीबाईंनी विचारलं.

"आपल्याकडे नव्हतं, अम्मा."

"असतं तरी मला कोण विचारणार होतं," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "हिला तरी विचारलंत."

उपचाराच्या आदल्या दिवशी रघुअण्णा सिस्टरांपाशी येऊन चुळबुळ करायला लागले. "सिस्टर, उद्या मी रजा टाकतो. तुम्हांला उगाच संकोच नको."

सुष्मा सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतके महिने ज्या भीतीनं त्यांनी तोंड मिटलं होतं, ती भीती हा माणूस आपण होऊन उचलून न्यायला आला होता. "रजा कशाला अण्णा?" त्या म्हणाल्या. "तुम्ही नसलात तर माझी ट्रॉली भिंतीवर कोण आपटणार?"

"एकदाच आपटली होती हो," रघुअण्णा म्हणाले.

तोवर माझ्या गळ्यात लाल फीत बांधली होती. लाल फीत म्हणजे वापरायचा नाही. शिसं कचऱ्यात टाकत नाहीत, कंपनीची माणसं येऊन मोडीत घेऊन जातात. ती येईपर्यंत मी शेवटच्या खुंटीवर. कोणी बघत नाही, कोणी पुसत नाही. खांद्यांवर धूळ बसते. पण माझी खुंटी काचेच्या सरळ समोर आहे, त्यामुळे त्या दिवशी मला सगळं दिसलं.

टेबलावर सुष्मा सिस्टर होत्या. कित्येक वर्षं मी त्यांना त्या टेबलाच्या बाजूला उभ्या बघितलं होतं. आडव्या झालेल्या त्या लहानशा दिसत होत्या. डॉक्टर कांचननी नवा अंगरखा घातला, पट्टा आवळला, आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. "दुखलं की लगेच सांगायचं हं. लपवून ठेवायचं नाही."

"माझंच वाक्य मला," सिस्टर म्हणाल्या.

नळी मनगटातून गेली. पडद्यावर रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. डॉक्टर नळी हळूहळू पुढं नेत राहिल्या. मग सिस्टरांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मॅडम, दुखतंय."

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या पोटाशी होतो. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर लगेच थांबल्या, औषध वाढवलं, रघुअण्णांनी कपाळाचा घाम टिपला. मग पुन्हा काम पुढं गेलं. एक बाजू झाली, मग दुसरी.

सोपं होतं असं मी म्हणणार नाही. वॉर्डातून येणाऱ्या सिस्टर सांगत होत्या की तो दिवस त्यांना पोटात फार कळा आल्या, अंग तापलं. मग त्या घरी गेल्या. काही आठवड्यांनी कामावर आल्या तेव्हा अजून फिक्याच होत्या. पण महिन्यांमागून महिने गेले, तसा कमरेचा स्वेटर नाहीसा झाला. जिना चढताना पहिल्या पायरीवर सुरू केलेलं बोलणं त्या शेवटच्या पायरीपर्यंत न थांबता चालू ठेवायला लागल्या. आणि टक् करून डबा उघडायला लागला.

तर असा हा माझा जन्म. मला काही मागायचं असेल तर एवढंच. जो आडोसा देतो तो आतून धडच असेल असं धरून चालू नका. त्याला नीट टांगा, कधीमधी उजेडात धरून बघा. आणि घडी घालायच्या आधी, मित्रांनो, विचारत जा.

आता डब्याची कडी लागली. आज पुन्हा आयुधपूजा आहे. माळा टांगल्या आहेत, पण पाटी या वेळी उघडी आहे, रघुअण्णांनी जातीनं बघितलंय. भवानीबाई कुंकवाचं ताट घेऊन आल्या आहेत, पाठोपाठ भव्या.

भव्या थेट माझ्याकडे आली. "ह्याला लाल रिबन का?"

"आतून चिरलाय तो, पुट्टी," रघुअण्णा तिला लाडानं म्हणाले. "घडी घातली की चिरतो. मागच्या पूजेला कोणीतरी घातली."

भवानीबाईंचा हात ताटावर थांबला. त्यांनी पाटी बघितली, फळी बघितली, मग सुनेकडे बघितलं. सुष्मा सिस्टर यंत्राला फूल वाहण्यात फारच गुंतल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं," भवानीबाई म्हणाल्या.

"काय, अत्ते?"

"सिल्कचीपण एकच घडी राहिली की घडीवर चिरतं. म्हणून दर वर्षी मोडून दुसरी घालायची, एवढं मला येत होतं. घालायचीच नाही, असं काही असतं हे कुठं ठाऊक." त्यांनी पदराच्या टोकानं माझ्या खांद्यावरची धूळ पुसली. मग कुंकवाचं बोट माझ्या चिरेवर, नेमकं तिथं, हलकेच टेकवलं.

भव्या हे सगळं निरखत होती. "पण बाहेरून तर नवाच दिसतोय. तुम्हांला कसं कळलं?"

"दर वर्षी एकेकाला टेबलावर निजवून आतून बघतो आम्ही," सुष्मा सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांना. चांगले दिसले तरी."

"सगळ्यांना?"

"हो. नियम आहे तसा."

भव्यानं माझा पट्टा हातात धरला, खुंट्यांवरच्या आम्हां सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि मग मान वर केली.

"मग आई, तुला दर वर्षी कोण बघतं? आणि अज्जीला?"